आधी व्होल्टेजचा हिशेब मागा

प्रति,
थिन फिल्म (पातळ थरांच्या) सौरघटांवरचे शोधनिबंध तपासणारे संपादक आणि परीक्षक,
तसेच अशा संशोधनाला निधी मंजूर करणाऱ्या समित्यांचे सदस्य

सप्रेम नमस्कार.

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या टेबलावर सध्या असा एखादा निबंध पडून असेल, ज्याचं पहिलं वाक्य मी न वाचताच सांगू शकते. अमुक एक सल्फाइड पृथ्वीच्या कवचात मुबलक असणाऱ्या, बिनविषारी मूलद्रव्यांचं बनलेलं आहे, त्याचा बँड गॅप (इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा) सूर्यप्रकाशासाठी आदर्श आहे आणि त्याचा शोषण गुणांक (प्रकाश किती झटपट शोषला जातो त्याचं माप) सेंटिमीटरमागे एक लाखाच्या घरात आहे. मीही हे वाक्य लिहिलंय. परवा जुने निबंध काढून मोजलं, तर सात ठिकाणी सापडलं. संयुगाचं नाव तेवढं बदललेलं.

या वाक्यात खोटं म्हणावं असं फारसं काही नाही. पण त्यावरून घट चालेल की नाही हे अजिबात कळत नाही. तरी त्याच्या जोरावर निबंध छापून येतात, प्रकल्प मंजूर होतात, आणि दोन-तीन वर्षांनी सगळी मंडळी पुढच्या संयुगाकडे वळतात. मागे उरलेल्या संयुगाचं नेमकं काय बिनसलं, हे कोणीच लिहून ठेवत नाही. हे पत्र त्याबद्दल आहे.

हे पत्र खुलं असल्यामुळे या विषयाबाहेरच्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. त्रिघटक सल्फाइड म्हणजे दोन धातू आणि गंधक. तांबं, इंडियम आणि गंधक. तांबं, कथील आणि गंधक. तांबं, अँटिमनी आणि गंधक. चांदी, बिस्मथ आणि गंधक. सिलिकॉनचा बँड गॅप अप्रत्यक्ष (म्हणजे प्रकाश सहज न शोषणारा) असल्यामुळे प्रकाश पुरता शोषून घ्यायला त्याला शंभराहून अधिक मायक्रोमीटर जाडी लागते. कॉपर इंडियम सल्फाइड तेच काम एक-दोन मायक्रोमीटरांत करतं. मॉलिब्डेनमचा थर दिलेली काच, तिच्यावर हा शोषक थर, त्यावर साधारण ५० नॅनोमीटरचा कॅडमियम सल्फाइडचा बफर म्हणजे मधला जोडथर, त्यावर झिंक ऑक्साइडची पारदर्शक खिडकी आणि सगळ्यात वर धातूच्या बारीक रेषा. काच सोडली तर सगळा घट केसाच्या जाडीचा लहानसा हिस्सा.

आता मुद्द्याकडे येते.

कॉपर इंडियम सल्फाइडचा बँड गॅप साधारण १.५ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. शॉकली आणि क्वीसर यांनी १९६१ साली मांडलेल्या हिशेबानुसार एकाच शोषक थराच्या घटाला जास्तीत जास्त ३३ टक्क्यांच्या आसपास कार्यक्षमता गाठता येते, आणि १.५ चा बँड गॅप त्या शिखरापासून फार लांब नाही. अशा घटाचं ओपन सर्किट व्होल्टेज (बाहेर काही जोडलेलं नसताना मिळणारं) सिद्धांताप्रमाणे १.२ व्होल्टच्या आसपास जायला हवं. कागदावर सोनंच.

त्याचा सेलेनियमवाला भाऊ पाहा. गॅलियम मिसळलेल्या कॉपर इंडियम सेलेनाइडमधून सोलर फ्रंटियर या जपानी कंपनीने २०१९ साली २३.३५ टक्के मिळवले. (त्या शोषकात थोडं गंधकही होतं, पण मुख्य माल सेलेनाइडचाच.) बँड गॅप १.१ च्या किंचित खाली, व्होल्टेज ०.७३ व्होल्ट. आणि बर्लिनच्या हान-माइटनर संस्थेत २००० च्या सुमारास झालेला निव्वळ सल्फाइडचा घट? कार्यक्षमता ११ टक्क्यांच्या जरा वर, आणि व्होल्टेज तेही ०.७३ च्याच घरात.

बँड गॅप ०.४ ने मोठा आणि हाती आलेलं व्होल्टेज तेवढंच. पहिल्या घटाने आपल्या मर्यादेच्या नव्वद टक्के व्होल्टेज मिळवलं, दुसऱ्याने जेमतेम साठ. सल्फाइडचं घोडं इथे पेंड खातं. बाकीच्या भावंडांची स्थिती याहून वाईट आहे. कॉपर टिन सल्फाइडचा बँड गॅप ०.९ च्या वर, आणि त्याचे चांगले म्हणवले जाणारे घट पाव व्होल्टच्या थोडेसे वर जातात. कॉपर अँटिमनी सल्फाइडचा बँड गॅप पुन्हा १.५ च्या आसपास, व्होल्टेज मात्र अर्ध्या व्होल्टच्याही खाली, आणि कार्यक्षमता बराच काळ तीन टक्क्यांपाशी रेंगाळलेली. प्रकाश कमी शोषला जातोय अशी तक्रार यांपैकी कोणाचीच नाही. तेव्हा शोषण गुणांक पहिल्या वाक्यात मिरवून काय साधतं? जे दुखतच नाही त्याचा अहवाल दाखवण्यासारखं आहे ते.

हे व्होल्टेज जातं कुठे? एक जागा तर तळहातावरच्या आवळ्याइतकी उघड आहे, आणि तिथे आमचीच आळशी सवय कारणीभूत आहे. कॅडमियम सल्फाइडचा बफर आपण सेलेनाइडकडून उसना घेतला. तिथे तो छान बसतो. सल्फाइडमध्ये मात्र शोषकाचा कंडक्शन बँड (मोकळ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जापातळी) वर सरकलेला असतो, आणि कॅडमियम सल्फाइडचा त्याच्या खाली पडतो. इलेक्ट्रॉन शोषकातून बफरमध्ये जाताना एक पायरी खाली उतरतो. उतरणं सोपं असल्यामुळे प्रवाह मिळतो, म्हणून पहिल्या नजरेला सगळं ठीक दिसतं. पण सांध्यावर, म्हणजे शोषक आणि बफर भेटतात तिथे, आता शोषकातले होल (इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर उरलेल्या रिकाम्या जागा) आणि बफरमधले इलेक्ट्रॉन यांच्यातलं अंतर बँड गॅपपेक्षा कमी झालेलं असतं. ते तिथल्या तिथे एकमेकांना गाठतात आणि संपतात. शोषक कितीही निर्मळ केला तरी त्या कमी झालेल्या अंतरापेक्षा जास्त व्होल्टेज मिळणार नाही.

हे तपासायला मोठं यंत्र लागत नाही. घट थंड करत जायचा, दर टप्प्यावर व्होल्टेज मोजायचं, आणि ती रेषा शून्य केल्व्हिनपर्यंत वाढवून पाहायची. ती बँड गॅपपाशी जाऊन टेकली तर रोग शोषकाच्या पोटात. खाली टेकली तर सांध्यावर. तांबं जास्त ठेवून वाढवलेल्या कॉपर इंडियम सल्फाइडवर कॅडमियम सल्फाइड दिलं की ती १.५ च्या बरीच खाली टेकते. क्रायोस्टॅट (नमुना थंड ठेवणारं उपकरण), दिवा आणि एक दुपार एवढ्यात उत्तर मिळतं. तरीही मी परीक्षक म्हणून वाचलेल्या निबंधांत हे मापन क्वचित सापडतं, आणि लेखिका म्हणून माझ्याकडे ते एकदाही कोणी मागितलेलं नाही. एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना ओळखणारी चाचणी) मागितलं. एसईएमची (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची) आणखी स्वच्छ चित्रं मागितली. एकदा तर चित्रातल्या अक्षरांचा आकार वाढवायला सांगितलं.

ज्यांनी हा प्रश्न मनावर घेतला त्यांना फळ मिळालं. इंडियमच्या जागी थोडं गॅलियम, तांबं जास्त ठेवण्याची जुनी चाल सोडून ते मोजून कमी, आणि सांध्यासाठी जुळणारा बफर, अशा वाटेने लक्झेंबर्ग विद्यापीठाच्या गटाने २०२१ साली सल्फाइडमध्ये १५ टक्के ओलांडले आणि व्होल्टेज ०.९ पर्यंत नेलं. सोलर फ्रंटियरने त्याआधी २०१६ मध्ये १५.५ टक्के नोंदवले होते. दोन्हीकडे संयुग जुनंच होतं. नवा होता तो शोध, की व्होल्टेज कुठे गळतंय.

तांबं जास्त ठेवण्याची चाल काय होती तेही सांगते, कारण 'बिनविषारी' या विशेषणाचा त्याच्याशी संबंध आहे. तांबं प्रमाणाबाहेर घातलं की कणांची वाढ चांगली होते, आणि जास्तीचं तांबं वर कॉपर सल्फाइडच्या निळसर काळ्या सायीसारखं जमतं. ती साय धातूसारखी वीज वाहून नेते, म्हणजे घट जागीच शॉर्ट. म्हणून ती धुऊन काढायची. कशाने? पोटॅशियम सायनाइडच्या द्रावणाने. त्यानंतर कॅडमियम क्षार, थायोयुरिया आणि अमोनिया यांच्या कोमट बाथमध्ये बफरचा थर. मग निबंधाच्या शीर्षकात 'बिनविषारी, पर्यावरणस्नेही'! नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. आणि आमच्या संयुगात कथील खरोखरच आहे.

कथलावरून माझ्या भट्टीकडे येते. माझी कामाची बरीच वर्षं कॉपर टिन सल्फाइडवर गेली. तांब्या-कथलाचे थर स्पटर करायचे (आयनांच्या माऱ्याने काचेवर बसवायचे), ते ग्रॅफाइटच्या छोट्या डबीत ठेवायचे, सोबत गंधकाची पूड, आणि क्वार्ट्झच्या नळीत साडेपाचशे अंशांवर शिजवायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी नळी उघडली की थंड टोकाला गंधकाची पिवळी पुटं बसलेली असतात आणि हाताला, ॲप्रनला, डब्याच्या झाकणाला दिवसभर तो वास. डबी उघडण्यापूर्वी निकाल कळत नाही. एकाच डबीतल्या चार काचांपैकी दोन एकसारख्या करड्या, तिसरीच्या कोपऱ्यात चंदेरी चट्टा, चौथीवरचा थर चिकटपट्टी लावून ओढला की मॉलिब्डेनमसकट सोलून येतो. चारी एकाच दिवशी, एकाच तापमानाला, एकाच हाताने केलेल्या.

कारण कळायला मला दीड वर्ष लागलं. तापमान चढलं की या संयुगातून टिन मोनोसल्फाइड वाफ होऊन उडतं. डबीचं झाकण किती घट्ट बसलंय, डबीचं आकारमान किती, गंधक किती मिलिग्रॅम, काच झाकणाच्या फटीपासून किती लांब, यावर ती वाफ आत टिकते की निसटते हे ठरतं. निसटली तर पृष्ठभागावर तांबं जास्त होतं आणि मग मघाचीच साय. उपाय साधा निघाला: डबीत गंधकासोबत चिमूटभर टिन सल्फाइडही ठेवायचं, म्हणजे वाफेचा दाब आधीच भरलेला राहतो. कॉपर अँटिमनी सल्फाइडमध्ये हेच अँटिमनीचं होतं. तापमान थोडं पुढे गेलं की अँटिमनी सल्फाइड उडतं आणि मागे टेट्राहेड्राइट हे वेगळंच संयुग उरतं, ज्यात भारवाहक (वीज वाहणारे कण) इतके जास्त की सौरघटाला त्याचा उपयोग नाही.

आता छापलेल्या निबंधांतला प्रायोगिक भाग उघडून पाहा. 'गंधकाच्या वातावरणात ५५० अंशांवर ३० मिनिटं तापवलं.' एवढंच. डबी होती का? गंधक किती? झाकण? ज्या चार गोष्टींवर सगळं अवलंबून आहे त्या चारही गायब. एखाद्याने हे वाचून प्रयोग केला आणि जमलं नाही, तर दोष त्याच्या हाताचा धरला जातो. संपादकांनो, शब्दमर्यादा ही सबब आता चालणार नाही. पुरवणी माहितीच्या चाळीस पानांत अठरा आलेख मावतात, तर गंधकाचं वजनही मावेल.

थर कशाचा आहे हे तरी नक्की असतं का? कॉपर टिन सल्फाइडचं मोनोक्लिनिक रूप आहे, टेट्रागोनल आहे, घन आहे, आणि नेहमीच्या एक्सआरडीत त्यांच्या ठळक रेषा जवळजवळ एकमेकींवर पडतात. रामन (लेझर टाकून अणूंची कंपनं ओळखणारी चाचणी) लावलं तर मोनोक्लिनिक रूपाच्या २९० आणि ३५२ प्रति सेंटिमीटरच्या रेषा वेगळ्या दिसतात, आणि ४७५ च्या आसपास काही उगवलं तर कॉपर सल्फाइड उरलंय हे समजतं. कॉपर इंडियम सल्फाइडमध्येही तसंच. २९० च्या शेजारी ३०५ ला उंचवटा आला, तर धातूंची मांडणी चुकलेली आहे. पंधरा मिनिटांचं काम. त्याऐवजी बँड गॅप काढायला टाउक आलेख येतो, ज्यात शोषणाच्या वक्राच्या हव्या त्या तुकड्यावर पट्टी ठेवून रेष ओढली की १.४ ही येतो आणि १.६ ही. माझ्या एका विद्यार्थ्याने विचारलं होतं, "मॅडम, कितीचा हवाय?" मी हसले, पण त्या दिवसापासून टाउक आलेखावर माझा विश्वास राहिला नाही.

आता जे मागायचं ते मागते.

एखाद्या शोषक थरातून चांगलं व्होल्टेज मिळू शकतं का, हे कळायला पूर्ण घट बनवावा लागत नाही. थरावर प्रकाश टाकायचा आणि तो किती प्रकाश परत बाहेर टाकतो ते मोजायचं. ज्या थरात इलेक्ट्रॉन आणि होल दोषांमध्ये अडकून वाया जात नाहीत, ते एकमेकांना भेटून प्रकाशच देतात. या परतीच्या प्रकाशाचं प्रमाण दहापटीने घटलं की खोलीच्या तापमानाला साधारण ६० मिलिव्होल्ट गेले असं समजायचं. हजारातला एक फोटॉन परत आला तर १८०. दशलक्षातला एक आला तर ३६०, आणि तेही बफर, खिडकी, धातूच्या रेषा यांपैकी काहीही अंगाला लागण्याच्या आधीच. म्हणजे दोन खाती वेगळी निघतात: शोषकाने किती खाल्लं आणि सांध्याने किती. उघड्या थराचं मापन घ्या, बफर दिल्यावर पुन्हा घ्या, शेवटी घटाचं व्होल्टेज. तीन आकडे. कोणत्या पायरीवर गळती झाली ते लगेच दिसतं.

माझी मागणी अशी की त्रिघटक सल्फाइडवरचा कोणताही निबंध 'आशादायक शोषक' असा दावा करत असेल, तर त्याच्याकडून हे तीन आकडे मागावेत. मापन जमत नसेल तर दावा काढून टाकायला सांगावा. निबंध परत पाठवू नका, त्यातलं विशेषण परत पाठवा.

यावर एक रास्त आक्षेप येईल. अशा मापनाची नीट कॅलिब्रेट केलेली सोय सगळ्यांकडे नसते. खरं आहे. माझ्याकडेही पहिली काही वर्षं नव्हती. पण निधी समित्यांनी विचार करावा. नवी भट्टी, नवी स्पटरिंग यंत्रणा, नवं संयुग यांसाठी पैसे मिळतात. त्यातला थोडासा भाग सामायिक मापनकक्षासाठी ठेवला तर दहा गटांचे नमुने एकाच पट्टीने मोजले जातील. तोवर तापमानानुसार व्होल्टेजची ती दुपार तरी सगळ्यांच्या आवाक्यात आहे.

कार्यक्षमतेच्या आकड्याबद्दल फार लिहीत नाही, आपल्याला सगळं ठाऊक आहे. शितावरून भाताची परीक्षा होते, पण शीत मुद्दाम निवडून उचललेलं असेल तर? एका काचेवर वीस घट, त्यांतला एक चालतो, तोच छापला जातो. क्षेत्रफळ एक दशांश चौरस सेंटिमीटर, कडेचा ओरखडा नीट मारलेला नाही, म्हणून शेजारच्या भागाचा प्रवाहही त्यातच मोजला गेलेला. ऑस्ट्रेलियातले सौरघट-संशोधक मार्टिन ग्रीन आणि सहकारी १९९३ पासून वर्षातून दोनदा जे कार्यक्षमतेचे तक्ते काढतात, त्यांच्या मुख्य यादीत यायला किमान एक चौरस सेंटिमीटरचा घट आणि स्वतंत्र प्रयोगशाळेचं मापन लागतं. सगळ्यांना तो नियम लावा असं मी म्हणत नाही. वीसच्या वीस घटांचे आकडे एका आलेखात दाखवा, एवढंच.

'मुबलक' या शब्दाबद्दल मात्र थोडं थांबते, कारण त्याचा हिशेब पाकिटाच्या मागच्या बाजूवर मांडता येतो आणि तरी कोणी मांडत नाही. कॉपर इंडियम सल्फाइडचा दोन मायक्रोमीटरचा थर घ्या. घनता घन सेंटिमीटरला सुमारे ४.७ ग्रॅम, त्यात वजनाने निम्म्याला थोडं कमी इंडियम. म्हणजे चौरस मीटरमागे साधारण साडेचार ग्रॅम. दहा टक्क्यांचा घट असेल तर एका गिगावॅटला एक कोटी चौरस मीटर लागतात, म्हणजे ४५ टन इंडियम, काहीही वाया गेलं नाही असं धरून. जगात वर्षाला नवं इंडियम निघतं ते एक हजार टनांच्या आसपास, तेही जस्त शुद्ध करताना उपउत्पादन म्हणून, आणि त्यातलं बरंचसं टीव्ही-मोबाइलच्या पडद्यांच्या पारदर्शक थरात जातं. इकडे जगभर दरवर्षी शेकडो गिगावॅटचे सौरपट बसतायत. तेव्हा इंडियम मुबलक नाही. पण कार्यक्षमता वीसवर आणि जाडी एक मायक्रोमीटरवर आणली, तर ४५ टनांचे ११ होतात. म्हणजे व्होल्टेजची गळती थांबवणं हाच इंडियम वाचवण्याचाही मार्ग आहे.

उलट उदाहरण सिल्व्हर बिस्मथ सल्फाइडचं. चांदीचं नाव ऐकून परीक्षक भुवया उंचावतात. पण २०२२ साली ज्या नॅनोकणांच्या घटातून नऊ टक्क्यांच्या आसपास मिळाले, त्याचा शोषक थर होता जेमतेम ३० नॅनोमीटरचा. त्यात चौरस मीटरमागे चांदी एक दशांश ग्रॅमहूनही कमी भरते. हा थर इतका पातळ चालला कसा, ही गोष्टही ऐकण्यासारखी आहे. चांदी आणि बिस्मथ यांचे अणू स्फटिकात गठ्ठ्यागठ्ठ्याने बसलेले असतात. सौम्य तापवल्यावर ते एकमेकांत सरमिसळ होऊन विखुरले आणि शोषण वाढलं. त्याआधी २०१६ मध्ये याच संयुगातून सहा टक्के मिळाले होते. सहावरून नऊवर जायला सहा वर्षं, आणि मधली वाढ एका नेमक्या प्रश्नातून झाली: अणू कुठे बसलेत?

दुसरीकडे, कॉपर टिन सल्फाइडला सहा टक्क्यांच्या वर नेलं ते कथलाच्या जागी थोडं जर्मेनियम घालून. काम चोख आहे, माझा त्यावर आक्षेप नाही. पण जर्मेनियमवाल्या निबंधाच्या पहिल्या वाक्यातही 'मुबलक' हा शब्द दिसला की हात कपाळावर जातो.

धीराबद्दल शेवटचं. सल्फाइडचा सौरघट नवा नाही. सिलिकॉनचा पहिला उपयोगी घट ज्या १९५४ साली आला, त्याच वर्षी कॅडमियम सल्फाइडमधूनही वीज मिळाल्याची नोंद झाली, आणि पुढे कळलं की त्यात खरं काम कॉपर सल्फाइडचा थर करत होता. तो घट १९८० च्या सुमारास दहा टक्क्यांपर्यंत पोचला आणि मागे पडला, कारण त्यातलं तांबं जागेवर बसेना. आजही आमच्या संयुगांत तांबंच सगळ्यात चंचल आहे, आणि त्या जुन्या घटांवरचं काम आजच्या संदर्भयादीत क्वचित दिसतं. सेलेनाइडचंही तसंच. बेल लॅब्जमध्ये एकस्फटिकी कॉपर इंडियम सेलेनाइडच्या घटाने १९७५ साली बारा टक्के दिले. तिथून २३ पर्यंत यायला चाळीसहून अधिक वर्षं लागली, आणि त्या वर्षांत सोडियम काचेतून वर येतं, गॅलियम मागच्या बाजूला जास्त असावं, पोटॅशियम पृष्ठभागावर काय करतं, अशी एकेक गोष्ट कोणीतरी चिवटपणे शोधली. त्रिघटक सल्फाइडांपैकी कॉपर इंडियम सल्फाइड सोडलं, तर कोणालाच अशी चाळीस वर्षं मिळालेली नाहीत. बहुतेकांना तीन मिळतात, म्हणजे एका प्रकल्पाची मुदत.

बेरियम झिरकोनियम सल्फाइडची पाळी आता आहे. १९५० च्या दशकापासून माहीत असलेलं हे संयुग २०१५ च्या आसपास सौरघटांसाठी पुढे आलं. पेरोव्स्काइट नावाची स्फटिकरचना, हवेत-पाण्यात टिकणारं, बँड गॅप १.८ च्या वर, म्हणजे सिलिकॉनच्या डोक्यावर बसवता येईल का असा विचार करण्याजोगं. अडचण अशी की ते नीट व्हायला हजार अंशांच्या जवळपास तापमान लागायचं, आणि त्यात काच आणि खालचा वीज वाहून नेणारा थर दोन्ही जातात. गंधक मुबलक देऊन, बेरियमच्या वितळणाऱ्या पॉलिसल्फाइडच्या मदतीने ते तापमान बरंच खाली आणता येतं, हे गेल्या काही वर्षांत दिसून आलंय. घट म्हणून ते अजून रांगतंय. माझी भीती एवढीच, की पुढच्या दोन वर्षांत कोणीतरी त्याचा एक टक्क्याचा घट छापेल, कोणीतरी दीडचा, मग कोणी म्हणेल यात दम नाही, आणि थर किती प्रकाश परत देतो हे मात्र कोणी विचारणार नाही.

मी स्वतः एकदा चाळीसेक थरांचं काम लिहून पाठवलं होतं. डबीचं आकारमान, गंधकाचं वजन, प्रत्येक थराचं रामन, आणि निष्कर्ष असा, की या वाटेने व्होल्टेज अमुक एका आकड्याच्या वर जात नाही, आणि कारण सांध्यावर नसून शोषकात आहे. उत्तर दोन ओळींचं आलं. कार्यक्षमता स्पर्धात्मक नाही, नावीन्य अपुरं. नियतकालिकाचं नाव घेत नाही. तेच उत्तर दुसरीकडूनही आलं असतं. पुढच्या चार वर्षांत त्याच वाटेवर चार गट गेलेले मी वाचले, चौघेही त्याच आकड्यापाशी थांबले, आणि चौघांनीही लिहिलं की आणखी सुधारणेला वाव आहे.

तो निबंध मी पुन्हा लिहायला घेतलाय. या खेपेला परतीच्या प्रकाशाचे आकडे आहेत, बफरच्या आधीचे आणि नंतरचे. सगळ्या घटांचं व्होल्टेज एका आलेखात आहे, न चाललेल्यांसकट. सर्वोत्तम घटाची कार्यक्षमता कोष्टकाच्या शेवटच्या स्तंभात आहे, शीर्षकात नाही. आणि पहिलं वाक्य मी खोडलंय. निबंध आता थेट गंधकाच्या वजनापासून सुरू होतो. महिन्याभरात तुमच्यापैकी कोणाच्या तरी हाती पडेल.

कळावे,

आपली,
सल्फाइडच्या भट्टीपाशी वर्षं काढलेली एक संशोधक